टाकी नंबर तीनमधला कचरू

पूर्णिमा ओव्हाळ चिडली की आवाज चढवत नाही. ती काचेची भांडी घासायला घेते. लॅबमध्ये त्यासाठी मशीन आहे, माणूस आहे, तरी ही बाई हातमोजे चढवून बेसिनपाशी उभी राहते आणि एकेक फ्लास्क असा घासते की आजूबाजूच्या टेबलांवरची मंडळी मुकाट्याने आपापल्या कामात डोकं घालतात. हडपसरच्या त्या कंपनीत ती लागली तेव्हा नुकतीच एम.एस्सी. झाली होती. आता ती तिथल्या मायक्रोबायोलॉजी विभागाची प्रमुख आहे आणि कानाशी केस पिकलेत. लॅबमधलं काचसामान गेल्या वर्षी जेवढं लख्ख होतं तेवढं एरवी कधीच नव्हतं, असं तिथले जुने लोक सांगतात.

त्याचं कारण सांगायचं तर एका नावापासून सुरुवात करावी लागते. तिच्या वडिलांचं नाव कचरू.

आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव लागतं आणि शाळेत हजेरी पूर्ण नावाने घेतात. पर्वतीच्या पायथ्याच्या त्या शाळेत बाई वाचायच्या, "ओव्हाळ पूर्णिमा कचरू," आणि वर्ग खिदळायचा. रोज. बाई टेबलावर पट्टी आपटून "शांत बसा" म्हणायच्या आणि स्वतःही ओठ दाबून हसायच्या. पूर्णिमा "हजर" म्हणायची आणि खाली बसायची. पुढे कॉलेजच्या खिडकीपाशी, बँकेत, पासपोर्टच्या रांगेत तेच. वडिलांचं नाव? कचरू. काय? कचरू. प्रत्येक ठिकाणी तिला ते दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना समोरच्याच्या तोंडावर काय उमटणार हे तिला आधीच ठाऊक असायचं.

हे नाव पडलं ते असं. दौंडकडच्या गावात तिच्या आजीची तीन मुलं लागोपाठ गेली. चौथा झाला तेव्हा शेजारणींनी त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मग त्यांतलीच एक "अगं बया, कुणाचं तरी टाकलेलं पोर दिसतंय" म्हणत त्याला उचलून घेऊन आली आणि तिने ते आजीच्या ओटीत घातलं. कचऱ्यातलं पोर मरणाला कशाला हवंय? म्हणून कचरू. हे सगळं छप्पन्न सालानंतरचं. घराने धम्म घेतला होता, देव्हारा कधीच निघाला होता, पण तीन पोरं पुरलेल्या बाईला शहाणपण कोण शिकवणार? पुढच्या भावंडांची नावं गौतम आणि सुजाता ठेवली. थोरला कचरू तो कचरूच राहिला.

ते कचरू ओव्हाळ पुण्यात आले, आयटीआय शिकले आणि पिंपरीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. नाव बदलून घ्या, गॅझेटमध्ये देता येतं, असं त्यांना आल्यागेल्याने सांगून झालं. ते म्हणायचे, "माझ्या आईनं मरणाला फसवायला ठेवलेलं नाव हाय. मी कशापायी बदलू?" उकिरड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आईवर होता.

आता कंपनीचं. ही कंपनी मळीवर यीस्ट वाढवते. साखर कारखान्यांतून काळी चिकट मळी टँकरने येते. ती पातळ करून दुमजली टाक्यांत भरतात, वर यीस्ट सोडतात, खालून हवा फुंकतात. यीस्ट मळीतली साखर खातं आणि वाढतं, मग ते काढून बेकऱ्यांना आणि डिस्टिलऱ्यांना विकतात. पण साखर दिसल्यावर भूक एकट्या यीस्टला लागत नाही. दह्यात आणि इडलीच्या पिठात आंबवणारे जे जिवाणू असतात, त्यांची भावंडं टाकीत शिरतात, यीस्टच्या ताटातलं ओरपतात आणि वर आम्ल सोडतात. घरचं पीठ आंबलं तर इडली होते. टाकी आंबली तर सगळा माल सांडपाण्यात जातो.

यावर इतकी वर्षं एकच इलाज चालला होता. टाकीत अँटिबायोटिक ओतायचं. जिवाणू त्याला सरावले की आणखी ओतायचं. पूर्णिमा प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायची की हे औषध मालाबरोबर बाहेर जातंय, सांडपाण्यातून ओढ्यात जातंय, उद्या तुमच्याच पोरांच्या तापावर ते चालणार नाही. मंडळी मान डोलवायची आणि पुढचा विषय घ्यायची. मग परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं की औषधाचा अंश सापडला तर माल परत. त्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना पर्यावरणाची भयंकर काळजी वाटू लागली.

मालकांचा मुलगा ऋषी तेव्हा नुकताच परदेशातून शिकून येऊन कारभार बघायला लागला होता. मुलगा वाईट नव्हता. शिपायालाही "थँक यू" म्हणायचा, कॉफी स्वतः जाऊन आणायचा, सगळ्यांना नावापुढे सर-मॅडम लावायचा. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. अशा गोड माणसावर रागवायचं म्हणजे राग आधी स्वतःलाच सिद्ध करून दाखवावा लागतो, आणि त्यानेच डोकं जास्त तापतं.

"मॅडम, ऑप्शन काय आहे आपल्याकडे?" त्याने मीटिंगमध्ये विचारलं.

"फेज," पूर्णिमा म्हणाली. "जिवाणूंना मारणारा विषाणू."

"व्हायरस?"

करोना जाऊन फार दिवस झाले नव्हते. हिशेब खात्याच्या साहेबांनी नकळत खुर्ची मागे ओढली. पूर्णिमाने शांतपणे समजावलं. हा विषाणू माणसाला ओळखत नाही, यीस्टला ओळखत नाही. तो ठरावीक जातीच्या जिवाणूलाच चिकटतो, आत शिरतो, आपल्यासारखे शेकड्याने तयार करतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. भक्ष्य संपलं की त्याचीही वाढ थांबते. निसर्गात हे अनादिकालापासून चाललंय, आपण फक्त योग्य फेज शोधून टाकीत सोडायचा.

"आणि जिवाणू यालाही सरावले तर?" ऋषीने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

"सरावतील. मग जिथून पहिला आणला तिथूनच नवा आणायचा. तिथे दोघांची कुस्ती रोज चालू असते, त्यामुळे जिवाणू बदलला की फेजही बदलतो."

शोध सुरू झाला आणि लांबत गेला. नदीचं पाणी आणलं, मैलापाण्याच्या प्रकल्पातलं आणलं, डेअरीमागच्या गटारातलं आणलं. टाकीतले जिवाणू प्लेटवर वाढवून त्यांच्यावर हे पाणी सोडायचे, आणि प्रत्येक वेळी त्यांचा दाट पडदा तसाच्या तसा राहायचा. त्या पडद्यात कुठे भोक पडलं तर समजायचं की फेज सापडला. भोक पडत नव्हतं. ऋषी "नो प्रेशर" म्हणत रोज विचारायचा.

एका रविवारी ती वडिलांना आणायला दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत गेली. ओव्हाळ कुटुंब धनकवडीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण रविवारी विहारात वंदनेला आबा जुन्या वस्तीतच जायचे. मागच्या नाल्यावर सायकलवरून इडली विकणारे लोक भांडी धूत होते. पहाटेपासून पुण्याला इडली-चटणी खाऊ घालून आलेली मोठमोठी पातेली. त्यांतलं पांढरं पाणी धारेने नाल्यात जात होतं आणि आंबूस वास सुटला होता. या वासात ती वाढली होती. इतकी ओळखीची गोष्ट, म्हणूनच डोक्यात आली नव्हती. जिथे रोज एवढं आंबतं तिथे आंबवणाऱ्यांना खाणारा नसेल तर कुठे असेल? तिने पर्समधली पाण्याची बाटली ओतून रिकामी केली आणि वाकून नाल्यात बुडवली.

"प्यायला नेतीस का?" मागून आबांनी विचारलं.

दोन दिवसांनी प्लेटवर मोकळे गोल डाग पडले होते, रांगोळीवर पाण्याचे थेंब पडावेत तसे. पूर्णिमा त्या प्लेटकडे बराच वेळ बघत बसली. या धंद्यात एक छान रिवाज आहे, ज्याला फेज सापडतो तो त्याचं नाव ठेवतो. जगभरात लोकांनी कुत्र्यामांजरांची, गावांची, आवडत्या खाण्याची नावं दिली आहेत. तिला विचार करावाच लागला नाही. तिने बाटलीवर लिहिलं, कचरू.

घरी जेवताना सांगितलं तर आबांचा घास हातात राहिला. "रोगाच्या किड्याला माझं नाव?"

"किड्याला नाही. किड्याला मारणाऱ्याला."

"घावला कुठं?"

"आपल्या नाल्यात."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्या उकिरड्यावरनं उचलल्याला आन् त्यो नाल्यातनं," डोळे पुसत ते म्हणाले. "ब्येस नाव ठेवलंस, पुनी." पुढच्या रविवारी त्यांनी विहारातल्या प्रत्येक माणसाला थांबवून थांबवून ही हकीकत सांगितली.

लहान टाकीवर कचरू चालला. मग मधल्या टाकीवर चालला. आंबटपणा चढत नव्हता, यीस्ट भरपूर येत होतं, औषधाचा थेंब घातला नव्हता. प्लांटवर सगळे सोयीसाठी त्याला के-वन म्हणायचे. रिपोर्टात मात्र पूर्णिमाने पूर्ण नाव दिलं होतं, आणि तो तयार करण्याचं, तपासण्याचं, साठवण्याचं सगळं काम तिच्याच हातात होतं. कंपनीने ठरवलं की फेज नुसता आपल्या टाक्यांत वापरायचा नाही, बाहेरच्या डिस्टिलऱ्यांनाही विकायचा. ब्रँडचं काम बघणाऱ्या कादंबरीने त्यासाठी मीटिंग बोलावली.

पडद्यावर हिरवंगार जंगल आलं. मधून झरा वाहत होता. वर नाव होतं, "निर्झर", आणि खाली ओळ, "सह्याद्रीच्या देवराईतून, आपल्या टाकीपर्यंत."

"हे कशाचं आहे?" पूर्णिमाने विचारलं.

"आपल्याच प्रॉडक्टचं, मॅडम. के-वन."

"आपलं देवराईतलं नाही. दांडेकर पुलाजवळच्या नाल्यातलं आहे."

"हो, पण ते क्लायंटला कसं सांगणार?" कादंबरीने नाक जरासं मुडपलं. "आय मीन, नाला?"

"देवराईत गेली आहेस कधी?"

"ट्रेकला, हो."

"तिथे इडलीचं पीठ कोण धुतं?"

दोघे-तिघे हसले. ऋषी पण हसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "सोर्स आपण बॅकग्राउंडला ठेवू, मॅडम. आणि नावाचं पण जरा..." त्याने समोरचा रिपोर्ट उचलला. "कचरू. सीरियसली? म्हणजे आपण कचरा विकतोय असं वाटेल."

आता सगळा वर्ग हसला. पूर्णिमाने तो आवाज ओळखला. पट्टी आपटायलासुद्धा कोणी नव्हतं.

"माझ्या वडिलांचं नाव आहे ते."

हसू थांबलं. ऋषी खरोखर ओशाळला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "ओह. सो सॉरी. पण पर्सनली घेऊ नका ना, मॅडम."

"बापाचं नाव पर्सनलच असतं, सर."

"ऑफ कोर्स. कादंबरी, नेक्स्ट."

जात हा शब्द त्या खोलीत कोणी काढला नाही. पुण्यात तो काढावा लागत नाही. नाला म्हटलं की नाक मुडपतं, देवराई म्हटलं की हात आपोआप जुळतात, आणि दोन्हींच्या मधे काय आहे हे सगळ्यांना न सांगता समजतं. ज्या पाण्याने कंपनीचं परदेशी गिऱ्हाईक टिकवलं ते पाणी हवं होतं. ते जिथून आलं ती जागा नको होती, आणि ज्याच्या नावाने आलं तो माणूस तर मुळीच नको होता. पूर्णिमा लॅबमध्ये गेली आणि तिने हातमोजे चढवले.

राजीनामा का नाही दिला, असं तिला नंतर मैत्रिणींनी विचारलं. दिला असता तर कचरू एकट्या कंपनीच्या ताब्यात गेला असता, हे तिचं उत्तर. आबांना तिने यातलं काहीच सांगितलं नाही. ते रविवारी विहारात अजून तीच हकीकत सांगत होते.

उद्घाटन प्लांटवरच ठेवलं. टाकी नंबर तीनला झेंडूचे हार घातले, खाली रांगोळी, मागे देवराईचा फ्लेक्स. वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांतले लोक आले होते. त्यांच्यासमोर टाकीत निर्झर ओतायचा, टाकीला सील लावायचं, दोन दिवस त्यांना पुणे दाखवायचं आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याच हाताने सील तोडून नमुना काढायचा, असा बेत होता. बेत चांगला होता, कारण खोटेपणाला त्यात जागा नव्हती.

पूर्णिमा तिसऱ्या रांगेत बसली होती. स्टेजवर तांब्याचा कलश दिसला तेव्हा तिला वाटलं, पूजेचा असेल. मग गुरुजींनी तोच कलश ऋषीच्या हातात दिला. ती उठून कादंबरीपाशी गेली.

"बाटल्या कुठे आहेत?"

"ओतल्या ना कलशात. बाटलीतलं ते पिवळट दिसत होतं, म्हणून साधं पाणी घालून पातळ केलं."

"कधी?"

"काल दुपारी. कलश चिंचेने घासून घेतला, फोटोत काय मस्त दिसतोय बघा. आणि तांब्यात पाणी शुद्ध राहतं. आजी म्हणायची माझी."

"आजी बरोबर म्हणायची," पूर्णिमा म्हणाली. "तांबं जिवाणू मारतं. विषाणूही मारतं. त्यात तू चिंचेची आंबटाई ठेवलीस, म्हणजे आणखी तांबं उतरलं. या कलशात आता मढं आहे, कादंबरी."

कादंबरीचा चेहरा उतरला. पूर्णिमा सरळ स्टेजवर चढली आणि ऋषीला हळू आवाजात म्हणाली, "ओतू नका. फ्रीजमध्ये दुसरा साठा आहे. दहा मिनिटं द्या."

ऋषीने पाहुण्यांकडे बघून हसू तसंच ठेवलं. "मॅडम, प्लीज. मुहूर्त टळेल."

परदेशातली पदवी, भिंतीवर टांगलेली, आणि मुहूर्त टळेल. ऋषीने कलश ओतला, टाळ्या झाल्या, नारळ फुटला, सील लागलं. सगळे पांगल्यावर ती पुन्हा त्याला भेटली आणि स्पष्ट सांगितलं की टाकीत काहीही गेलेलं नाही, सील तोडून दुसरा डोस देऊ द्या. तो म्हणाला, सील पाहुण्यांच्या समोर लावलंय, आता तोडलं तर लबाडी वाटेल. एरवी देवराई लबाडी वाटत नव्हती. थोडंफार चालेल हो, तो पुढे म्हणाला, तुम्ही फार टेन्शन घेता.

तिसऱ्या दिवशी सील तोडायच्या आधीच वास आला. शिफ्ट इन्चार्ज सौरभने नळ सोडून नमुना काढला, मीटरमध्ये धरला आणि आकडा न वाचता पूर्णिमाकडे बघितलं. टाकी आंबायला लागली होती. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. प्लांटवरचे कामगार जिन्यावर, कठड्यापाशी उभे होते. ऋषी वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, हे काय आहे? धिस इज युवर टेक्निकल फेल्युअर."

तिचा रिपोर्ट, तिचा फेज, पण तो चालला तेव्हा नाव निर्झर. टाकी आंबली, तेव्हा अपयश लगेच मॅडमचं. पूर्णिमा त्या क्षणी ओरडली असती तर तिला कोणी बोल लावला नसता. ती ओरडली नाही. तिने पाहुण्यांकडे तोंड केलं आणि जे झालं ते सांगितलं. कलश तांब्याचा होता, चिंचेने घासलेला होता, त्यात फेज रात्रभर राहिला आणि मेला. ओतू नका असं मी याच ठिकाणी उभी राहून सांगितलं होतं.

पाहुण्यांत बार्शीकडचे उत्तरेश्वर गपाट होते. एका डिस्टिलरीत टाक्या सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते पुढे आले. "मला एक सांगा, ताई. झऱ्याच्या पाण्यात ही वस्तू घावली कशी? कागदावर देवराई लिवलंय."

"देवराई कागदावरच आहे. हे दांडेकर पुलाजवळच्या नाल्यातलं आहे. इडलीवाले तिथे पिठाची भांडी धुतात."

ऋषीने डोळे मिटले. गपाट मात्र मोठ्याने हसले. "मग बराबर हाय की. जिथं आंबतंय तिथंच त्याचा काळ सापडणार. झऱ्यात काय आंबतंय, कपाळ? ही टाकी वाचंल का आता?"

"सगळी नाही. पण अजून वेळ गेलेली नाही. फ्रीजमध्ये साठा आहे."

"मग घाला ना, मॅडम," ऋषी घाईने म्हणाला. "निर्झर घाला."

"निर्झर मेला, सर. परवा तुमच्याच हातून गेला. फ्रीजमध्ये कचरू आहे."

"तेच ते."

"तेच ते कसं असेल? सौरभला बाटली आणायला सांगायचीय. बाटलीवर जे नाव आहे ते सांगा."

सौरभला बाटली कुठली हे झोपेतसुद्धा समजलं असतं. तो जागचा हलला नाही. ऋषीने टाकीकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं. मग तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला.

"मोटारीच्या आवाजात ऐकू आलं नाही," पूर्णिमा म्हणाली.

"सौरभ," ऋषी मोठ्याने म्हणाला, "तीनमध्ये कचरू सोडा."

पूर्णिमा हसण्याची वाट बघत उभी राहिली. आयुष्यभराची सवय. नाव घेतलं गेलं की पाठोपाठ ते येतंच, आणि या खेपेला तिचं उत्तरही तयार होतं. कठड्यापाशी कामगार उभे होते, खाली कोटवाले पाहुणे होते. सौरभ "हो सर" म्हणून लॅबकडे गेला. गपाट शेजारच्या माणसाला म्हणाले, "आमच्या थोरल्या चुलत्याचं नाव हाय हे. आजीची पोरं जगत नव्हती ना." शेजारच्याने मान हलवली. ते हसू आलंच नाही, आणि तिचं उत्तर तसंच तोंडात राहिलं.

दुसऱ्या सकाळी टाकीतला आंबटपणा चढायचा थांबला होता. थोडा माल गेला, बराचसा वाचला. जाताना गपाटांनी ऋषीला सांगितलं, "आमच्याकडं ते कचरू पाठवा. देवराईबिवराई नको." ही ऑर्डर पहिली आणि दणदणीत होती, त्यामुळे आठवड्याच्या आत फ्लेक्सवरचं जंगल उतरलं आणि कादंबरी लॅबमध्ये आली.

"मॅडम, कचरू इज सो रूटेड! आम्ही तेच नाव ठेवतोय. काकांचा एक फोटो मिळेल का, लेबलवर टाकायला? फेटा बांधून. म्हणजे एकदम मातीतला माणूस."

"ते फिटर होते. त्यांनी जन्मात फेटा बांधला नाही."

"एक दिवसापुरता, मॅडम." कादंबरीला एकदम काहीतरी सुचलं. "निळा चालेल का? निळा बांधतील ना ते?"

पूर्णिमाने तिच्याकडे नीट बघितलं. पोरगी मनापासून विचारत होती. "नाव दिलंय," पूर्णिमा म्हणाली, "फोटो मिळणार नाही," आणि तिने हातमोजे चढवले.

त्या संध्याकाळी तिने आबांना सगळं सांगितलं, मीटिंगपासून. देवराई ऐकून ते हसले. कलश चिंचेने घासला हे ऐकून जास्त हसले. मग ती ऋषीच्या त्या वाक्यापर्यंत आली आणि आबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मालकाच्या पोरानं घेतलं नाव? सगळ्यांम्होरं?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो, आबा."

"मग हसली असतील मान्सं."

"नाही हसली."

आबा तिच्याकडे वळून बसले. "कुणीच न्हाई?"

"कोणीच नाही."

"येवढी मान्सं हुती, आन् कुणीच न्हाई?" आपल्याला बरं वाटावं म्हणून पोरगी खोटं सांगतेय का, ते पाहायला त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग पुन्हा एकदा विचारलं, "खरंच न्हाई?"

पूर्णिमाला इतकी वर्षं वाटत होतं की ते हसू आपल्यालाच ऐकू येतं. आईनं ठेवलेलं नाव हाय, मी कशापायी बदलू, असं म्हणणाऱ्या माणसाला ते कधी लागलंच नाही, असं ती धरून चालली होती. पिंपरीच्या त्या कारखान्यात पाळी सुरू होताना हजेरी व्हायची. पगाराच्या खिडकीपाशी नाव पुकारायचे. निवृत्तीच्या दिवशी माइकवरून पुकारलं होतं. म्हणजे प्रत्येक वेळी हा माणूस ते ऐकत आला होता, आणि घरी येऊन आपल्या आईची गोष्ट सांगत होता.

"नाही, आबा. खरंच कोणी हसलं नाही," ती म्हणाली.

तिला त्या क्षणी जो राग आला तसा ऋषीचाही आला नव्हता, कादंबरीचाही नाही. तो कोणावर काढावा हे तिला सुचेना. ती उठली, ओट्यापाशी गेली, आणि धुऊन पालथी घातलेली भांडी एकेक करून पुन्हा घासायला लागली.